डोळ्याखालची सूज, कापलेले सुळे आणि काळ्या दाढा: बंदिवासातील माकडांच्या दातांविषयी

आपल्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचकांनाही लागू करून पाहता येईल. नाशिकजवळच्या आपल्या आश्रयकेंद्रात मदाऱ्यांकडून आणि घरांतून सोडवून आणलेली माकडे वनविभागाच्या परवानगीने ठेवलेली आहेत. त्यांतील एका प्रौढ नराच्या उजव्या डोळ्याखाली सूज येते, प्रतिजैविके सुरू केली की ती उतरते आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर येते. या नराचे वरचे दोन्ही सुळे पूर्वीच्या मालकाने कापलेले आहेत. दुसरा एक तरुण नर नुकताच सेवकाला चावला, म्हणून त्याचे सुळे काढून टाकावेत असे विश्वस्त मंडळाचे म्हणणे आहे. शिवाय बहुतेक माकडांच्या दाढा काळ्या पडत चालल्या आहेत आणि त्यांना ब्रश करता येईल का, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. पहिल्या नराची सूज जवळजवळ निश्चितपणे दाताच्या मुळाची आहे आणि दातावर काम केल्याखेरीज ती जाणार नाही. तरुण नराचे सुळे काढू नयेत आणि कापूही नयेत. काळ्या दाढांचा इलाज ब्रशने होण्यासारखा नाही, कारण त्या ताटामुळे काळ्या झाल्या आहेत. बंदिवासातील माकडांच्या तोंडात आजवर जे पाहत आलो, त्यातला बहुतेक आजार आपणच दिलेल्या खाण्यातून, आपणच बांधलेल्या पिंजऱ्यातून किंवा माणसाच्या हातातल्या कानशीतून आलेला होता. म्हणून उपचारांइतकेच या कारणांविषयीही सविस्तर लिहीत आहे.

आधी सुजेविषयी. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, सप्तशृंगगड या भागात दिसणाऱ्या माकडाला एकूण बत्तीस दात असतात आणि त्यांची मांडणी आपल्यासारखीच असते: प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन आणि दाढा तीन. दुधाचे दात वीस. परंतु नराचा सुळा ही गोष्ट माणसाच्या तोंडात नाही. हिरडीबाहेर जेवढा सुळा दिसतो त्याहून अधिक लांबीचे, जाड आणि मागे वळलेले मूळ हाडात रुतलेले असते. वरच्या सुळ्याचे मूळ नाकाच्या बाजूने वर चढत डोळ्याच्या खालच्या भागापर्यंत पोहोचते. त्यामुळे त्या मुळाच्या टोकाशी पू झाला की सूज गालावर न येता डोळ्याखाली येते आणि पाहणाऱ्याला वाटते की डोळ्याला काही चावले किंवा मार लागला. कधी कधी त्या जागी कातडीला छिद्र पडून पू वाहतो, मलमाने ते भरते आणि पुन्हा फुटते.

सुळा कापला की असे का होते, तेही समजून घेतले पाहिजे. दाताच्या आत मज्जा असते, जिला रोजच्या बोलण्यात आपण दाताची नस म्हणतो. तरुण माकडाच्या सुळ्यात ही मज्जा रुंद असते आणि टोकाच्या बऱ्याच जवळपर्यंत गेलेली असते. कानशीने किंवा पकडीने सुळा तोडला की ती उघडी पडते. जनावर काही दिवस वेदनेने खात नाही, मग नस मरते, वेदना कमी होते आणि मालकाला वाटते की जखम बरी झाली. मेलेल्या नशीच्या पोकळीत जंतू मात्र वर्षानुवर्षे राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. आपण दिलेले प्रतिजैविक रक्तावाटे फिरते; मेलेल्या नशीला रक्तपुरवठाच नसल्याने त्या पोकळीपर्यंत ते पोहोचत नाही. हाडातला संसर्ग तेवढ्यापुरता दबतो, सूज उतरते, औषध थांबते आणि पोकळीतून नवे जंतू पुन्हा खाली येतात. आपल्या नराच्या बाबतीत हेच चक्र चालू असणार. त्यामुळे प्रतिजैविकाचा पुढचा कोर्स देण्याऐवजी भूल देऊन तोंड तपासण्याची तारीख ठरवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तपासणीत काय पाहायचे ते सांगतो, कारण येथे घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. कापलेल्या किंवा झिजलेल्या सुळ्याच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसतो. त्यावर दंतवैद्यकातील बारीक टोकाची सळई हलक्या हाताने फिरवावी. ठिपका चकचकीत, कठीण असेल आणि सळई त्यावरून काचेवरून सरकावी तशी सरकत असेल, तर झीज हळूहळू होत असताना दाताने आतून नवा थर घालून नस झाकून घेतली आहे असे समजावे. ठिपका काळा असेल आणि सळईचे टोक त्यात अडकत किंवा आत उतरत असेल, तर नस उघडी आहे. पहिल्या प्रकारात लक्ष ठेवणे बहुधा पुरते, दुसऱ्यात उपचार अटळ असतो. मात्र दोन्ही प्रकारांत क्ष-किरण छायाचित्र घ्यावेच, कारण दातांचा निम्म्याहून अधिक भाग हिरडीखाली असतो आणि वरून ठीक दिसणाऱ्या सुळ्याच्या मुळाशी हाड विरघळून गेलेले छायाचित्रातच कळते. दंतवैद्यांकडे असते ते हातात धरण्याचे छोटे क्ष-किरण यंत्र या कामाला उत्तम चालते. फक्त सुळ्याचे मूळ एका छायाचित्रात मावत नाही, म्हणून दोन कोनांतून दोन छायाचित्रे घ्यावी लागतात.

त्यानंतर दोन वाटा उरतात: रूट कॅनाल करणे किंवा सुळा काढणे. मुळाभोवतीचे हाड बऱ्यापैकी शिल्लक असेल, मूळ तडकलेले नसेल, तर मी रूट कॅनालच्या बाजूने उभा राहीन. सुळ्याचे मूळ जबड्याच्या पुढच्या भागाला आधार देते. विशेषतः खालच्या जबड्यात ते इतकी जागा व्यापते की दात जोर लावून उपटताना जबडा मोडू शकतो. काढणे भागच असेल तर हिरडी उचलून, बाहेरचे हाड थोडे कोरून, मूळ मोकळे करून आणि मग टाके घालून करावे लागते. हे शस्त्रक्रियेचे काम आहे आणि त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. सुळा ताजा मोडलेला असेल, म्हणजे एक-दोन दिवसांतला, आणि आत नस गुलाबी दिसत असेल, तर वरची नस थोडी काढून उरलेलीवर औषधी थर बसवून दात जिवंत ठेवता येतो. म्हणून झुंजीत सुळा मोडल्याचे लक्षात आल्यास 'सोमवारी बघू' म्हणू नये.

या कामासाठी शहरातील एखाद्या रूट कॅनाल करणाऱ्या दंतशल्यचिकित्सकाची मदत घ्यावी, असे मी सुचवेन. माणसाच्या दाताची आणि माकडाच्या दाताची रचना इतकी जवळची आहे की त्यांचा हात येथे सहज चालतो. फरक तीन गोष्टींचा असतो आणि तो आधी सांगून ठेवावा: सुळ्याचे लांब, वळलेले मूळ, ज्यासाठी माणसाच्या नेहमीच्या सुया आखूड पडतात, दाढांवर असलेले दोन आडवे कंगोरे, आणि खालची पहिली उपदाढ, जी नरात तिरकी, लांबट असते आणि जिच्यावर वरचा सुळा घासून धार राखतो. ही उपदाढ मोडलेली किंवा विचित्र आकाराची आहे असे समजून कुणी तिच्यावर काम करायला जाऊ नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार प्राण्यांच्या उपचाराची जबाबदारी नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच असते, म्हणून भूल, औषधे आणि निर्णय पशुवैद्यकाचे आणि दातातले हातकाम दंतवैद्यांचे, अशी वाटणी असावी. वन्यजीव असल्यामुळे वनविभागाला लेखी कळवून नोंद ठेवणेही आवश्यक आहे.

मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला एक धोका समजावून सांगितला पाहिजे. आपली ही लाल तोंडाची माकडे ज्यात मोडतात त्या मकाक कुळातील माकडांच्या लाळेत हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण माणसाच्या मेंदूपर्यंत तो गेला तर जीव जाऊ शकतो. १९३२ साली एका डॉक्टरांच्या मृत्यूनंतर तो ओळखला गेला. माणसांना झाल्याच्या नोंदी जगभरात थोड्याच आहेत, परंतु १९९७ साली अमेरिकेतील एका संशोधन केंद्रात माकडाच्या शरीरातील द्रव डोळ्यात उडाला एवढ्या कारणाने एक तरुण कर्मचारी दगावली. दातावर फिरत्या यंत्राने काम करताना लाळेचे तुषार उडतातच. म्हणून हातमोजे आणि मास्क यांच्याबरोबर संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवीच. चष्मा पुरेसा नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जागा साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस व पुढील सल्ला घ्यावा. संसर्ग उलट दिशेनेही जातो. माणसाचा क्षय माकडाला होतो, त्यामुळे खोकला असलेल्या सेवकाने बरे होईपर्यंत पिंजऱ्याकडे जाऊ नये आणि आपल्या हातचा उष्टा वडापाव माकडाला मुळीच देऊ नये.

आता तरुण नराविषयी. विश्वस्तांची काळजी मी हलकी मानत नाही. नराचा चावा खोल जातो आणि सेवकाच्या घरच्यांनाही त्याची झळ बसते. परंतु सुळे काढल्याने ती काळजी मिटत नाही. पटाशीचे दात, उपदाढा आणि जबड्याची ताकद शिल्लक राहते आणि त्यांनी झालेला चावाही माणसाचे बोट निकामी करू शकतो. लाळेतून जाणारे आजार तर सुळ्याविनाही जातात. दुसरीकडे त्या नराला कायमचे नुकसान होते. सुळे हे त्याच्या कळपातील स्थानाचे साधन आहे; नर जांभईसारखे तोंड उघडून सुळे दाखवतो आणि कितीतरी भांडणे तेवढ्यावरच मिटतात. ते दाखवणे गेले की इतर नर त्याला आव्हान देतात आणि तो मार खातो. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने वैद्यकीय कारणाशिवाय बंदिवासातील माकडांचे निरोगी दात काढण्याला वा कमी करण्याला स्पष्ट विरोध नोंदवलेला आहे. आपल्याकडे १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने माकडांना खेळासाठी शिकवणे आणि त्यांचे खेळ करणे बंद झाले. मदाऱ्याने पोटासाठी जे केले आणि ज्याची फळे आपला पहिला नर आज भोगत आहे, तेच आश्रयकेंद्राने दुसऱ्या नराला करावे, हे मला कोणत्याही कारणाने पटणार नाही.

त्याऐवजी व्यवस्था बदलावी. चार वर्षांच्या आसपास नराचे कायमचे सुळे येतात आणि त्याच सुमारास त्याचा स्वभावही बदलतो. घरात लहानपणी कुशीत वाढलेला नर अचानक 'पिसाळला' असे जे लोक म्हणतात, ते बहुतेक वेळा हे वय असते. अशा नराच्या पिंजऱ्यात माणूस आत असताना माकडही आत, ही पद्धत बंद करावी. मध्ये सरकता दरवाजा असलेले दोन कप्पे करावेत. एका कप्प्यात खाणे ठेवून त्याला तिकडे बोलवावे, दरवाजा लावावा आणि मगच साफसफाई करणाऱ्या मामांनी दुसऱ्या कप्प्यात पाऊल टाकावे. लोहाराकडून असा दरवाजा बसवून घेण्याचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षा कमी येतो आणि तो सगळ्याच माकडांच्या उपयोगी पडतो.

काळ्या दाढांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका माकडाचा नसून सगळ्यांचा आहे. आपण कळवलेला रोजचा आहार असा: सकाळी केळी, दुपारी बेकरीतून येणारे शिळे पाव आणि बिस्किटे, हंगामात पॅकहाउसमधून नाकारलेली द्राक्षे, आणि भेटीला येणाऱ्या मंडळींच्या हातचे साखरफुटाणे, पेढे, मनुका. हे सारे प्रेमाने दिले जाते हे मी जाणतो. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार द्राक्षांचे क्रेट आणून देतात तेव्हा त्यांना नाही म्हणणे अवघड असते. पण दाताच्या दृष्टीने हा आहार म्हणजे दिवसभर तोंडात साखर आणि चिकट पीठ आहे.

कीड लागण्याची क्रिया माकडात आणि माणसात एकच आहे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात, तोंडातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताचे बाहेरचे कवच विरघळू लागते, आणि अर्धा-एक तास लाळेने काम केले की ते पुन्हा सावरते. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात दंतसंशोधक विल्यम बोवेन यांनी लांब शेपटीच्या मकाकांना साखरेचा आहार देऊन हेच दाखवले होते. त्यांच्या दातांना माणसासारखीच कीड लागली. त्यामुळे किती साखर दिली यापेक्षा किती वेळा दिली हे अधिक मोजले पाहिजे. एकदाच दिलेले केळे एकदाच नुकसान करते, तर दर अर्ध्या तासाला आलेल्या पाहुण्याने दिलेला एकेक साखरफुटाणा लाळेला सावरायला वेळच देत नाही.

मकाकांत या क्रियेला गालपिशव्यांची जोड मिळते. खालच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला गालात उघडणारी ही पिशवी माकड घाईने भरून घेते आणि नंतर निवांत बसून रिकामी करते. रानात तिच्यात बिया, कळ्या, किडे असतात. आपण पाव दिला तर तो लाळेत भिजून लगदा होतो आणि तासन्‌तास दाढांना चिकटून बसतो. भूल दिल्यावर बोट घालून पिशवी रिकामी करताना आंबूस वासाचा असा गोळा अनेकदा हाताला येतो, आणि त्याच्या बरोबर समोरच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला खड्डा पडलेला दिसतो. आपल्या माकडांच्या दाढा चघळण्याच्या पृष्ठभागावर काळ्या आहेत की गालाकडच्या बाजूने, ते तपासणीत पाहावे. गालाकडच्या बाजूने असतील तर पाव आणि बिस्किटे हेच कारण धरावे.

'फळे तर माकडाचे नैसर्गिक खाणे', हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. रानातली फळे आणि बाजारातली फळे यांत फार अंतर आहे. मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन मिल्टन यांनी माकडांच्या रानातल्या खाण्याचा अभ्यास करून दाखवले की त्या फळांत तंतू अधिक असतात आणि साखरेचा प्रकारही वेगळा असतो. आपण उंबर खाऊन पाहिले आणि मग थॉमसन द्राक्षाचा मणी खाल्ला तर जिभेलाही हे कळते. काढणीला आलेल्या द्राक्षात सोळा-अठरा टक्के किंवा त्याहून अधिक साखर असते, कारण बागायतदाराने ती त्यासाठीच वाढवलेली असते. इंग्लंडमधील पेन्टन प्राणिसंग्रहालयाने २०१४ साली माकडांच्या आहारातून केळी काढून पालेभाज्यांवर भर दिल्याची बातमी जगभर गाजली. तेथील एमी प्लाउमन यांनी दिलेली कारणे दात आणि मधुमेह हीच होती. २०१८ मध्ये मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयानेही काही प्राण्यांची फळे याच कारणाने कमी केली. मधुमेहाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण लठ्ठ माकडांत तो होतो आणि तो असला की हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो. भूल दिलेली असतानाच रक्तातील साखर मोजून घ्यावी.

मग द्यायचे काय? आपल्या परिसरात याची वाण नाही. रोजच्या ताटाचा मोठा भाग पाल्याचा असावा: मेथी, राजगिरा, शेपू, कोबीची बाहेरची पाने, शेवग्याचा पाला, उंबर, वड आणि पिंपळाच्या कोवळ्या डहाळ्या. त्यासोबत काकडी, दुधी, गवार, वालपापडी, कच्चे गाजर. प्रथिनांसाठी मोड आलेली मटकी व भिजवलेले हरभरे, आठवड्यातून एक-दोनदा उकडलेले अंडे. भाजलेले शेंगदाणे टरफलासकट द्यावेत, म्हणजे सोलण्यात वेळ जातो. भाकरी द्यायचीच असेल तर बाजरीची, कोरडी आणि थोडी. फळांत पेरू आणि आवळा मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. माकडाला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते न मिळाल्यास हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि दात हलू लागतात. शंभर ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व दोनशे मिलीग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे सात किलोच्या नराला पेरूच्या दोन-तीन फोडी पुष्कळ होतात. द्राक्षे पूर्ण बंद करावीत असे नाही. औषध लपवून देण्यासाठी एखादा मणी फार कामाचा असतो, आणि ती जादू टिकवायची तर रोज क्रेट ओतून चालत नाही.

बदल एका दिवसात करू नये. केळीला सरावलेले माकड पहिल्या आठवड्यात पाल्याकडे पाठ फिरवते आणि सेवकांना वाटते की ते उपाशी राहील. तीन-चार आठवड्यांत गोड कमी करत जावे आणि दर आठवड्याला वजन करावे. वर्तनतज्ज्ञ सांगतात की माकडाला दिवसभर थोडे थोडे शोधून खायला मिळावे, आणि ते अगदी खरे आहे. दाताची बाजू मात्र म्हणते की वारंवार खाणे वाईट. यातला तिढा असा सोडवता येतो की दिवसभर विखरून ठेवण्याच्या गोष्टी बिनगोडाच्या असाव्यात, म्हणजे पाला, शेंगा, गवतात टाकलेले हरभरे, आणि फळ एकाच वेळी, मुख्य जेवणाबरोबर द्यावे. प्रशिक्षणाच्या वेळी मनुका बक्षीस म्हणून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिच्या जागी शेंगदाण्याची पाकळी द्यावी, कारण मनुका दाढेच्या खाचेत घट्ट बसते.

आपल्याकडे काळ्या तोंडाचे वानर असतील तर त्यांच्या बाबतीत याहून कडक राहावे. वानराला गालपिशवी नसते, त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो. गोड आणि पिठूळ खाल्ल्याने त्याचे पोट फुगून तो मरू शकतो. त्याच्या दातांचा विचार त्यानंतरचा.

पिंजऱ्याबद्दल थोडेच लिहितो. पटाशीचे दात पुढून तुटलेले किंवा सुळ्याच्या मागच्या बाजूला आडवी खाच पडलेली दिसली तर ते माकड गज किंवा साखळी चावत असते. साखळीला बांधून वाढलेल्यांत ही सवय पुष्कळदा असते. एकटेपणा आणि रिकामा वेळ ही तिची कारणे असल्याने सोबत देणे आणि चावायला बाभळीच्या, बोरीच्या, कडुनिंबाच्या सालीसकट फांद्या देणे हेच तिच्यावर उपयोगी पडते. घरात बाटलीच्या दुधावर आणि बिस्किटांवर, उन्हाविना वाढलेल्या पिल्लांचा जबडाच मऊ राहतो आणि दात वाकडे येतात. अशी पिल्ले आली तर आधी ऊन आणि कॅल्शियमची सोय करावी, दातांना हात नंतर लावावा.

ब्रशविषयी आपण विचारले आहे. वय वाढलेल्या माकडांत दातांवर किटण साचते आणि हिरडी मागे सरकते. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर १९३८ साली भारतातून नेऊन सोडलेल्या माकडांच्या वंशजांचे सांगाडे जतन केलेले आहेत, आणि वयाबरोबर दातांभोवतीचे हाड कसे झिजते ते त्यांत दिसते. म्हणजे मोकळ्यावर राहूनही हा आजार होतो. बंदिवासात तो लवकर होतो. घट्ट बसलेले किटण ब्रशने निघत नाही. ते भूल देऊन, हिरडीच्या खालीही साफ करून काढावे लागते. त्यानंतर मात्र शांत स्वभावाच्या माकडाला जाळीतून तोंड उघडायला आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश सहन करायला शिकवता येते. टूथपेस्ट वापरू नये, कारण माकड ती गिळते. नुसते पाणी चालते. ग्रेट निकोबारच्या मकाकांनी दातांतून गवताची काडी आणि नायलॉनचा धागा फिरवून दात साफ केल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे, तेव्हा तोंडात काही फिरवणे त्यांच्या स्वभावाला अगदीच परके नाही. तरीही मी ब्रशपेक्षा तोंड उघडायला शिकवण्याला अधिक मोल देतो. दर आठवड्याला भूल न देता तोंडात डोकावता आले आणि मोबाइलवर छायाचित्र घेता आले, तर अर्धी लढाई जिंकली.

माकड दुखणे लपवते, त्यामुळे सेवकांना काय पाहायचे ते सांगून ठेवावे: नेहमी पहिल्यांदा उचलायचा तो कडक शेंगदाणा आता शेवटी उचलणे, एकाच बाजूने चावणे, अर्धवट चावलेला घास खाली पडणे, एका नाकपुडीतून पाणी येणे, लाळेने हनुवटी ओली राहणे, किंवा सौम्य माकडाचे विनाकारण चिडणे. ताट आणून ठेवणारे मामा हे सर्वांत आधी पाहतात, आणि त्यांच्या नोंदवहीतील एक ओळ माझ्या तासाभराच्या तपासणीइतकी मोलाची असते.

आपल्या प्रौढ नराच्या प्रक्रियेसाठी शेवटच्या काही सूचना. रात्रीचे खाणे काढून घ्यावे, पाणी ठेवावे. भूल लागताच पहिले काम गालपिशव्या रिकाम्या करण्याचे असावे, कारण उपाशी ठेवलेले माकडही पिशवीत साठा ठेवते आणि तो श्वासनलिकेत गेला तर घात होतो. श्वासनलिकेत नळी घालून घशात जाळीदार कापडाची गुंडाळी ठेवल्याशिवाय दातावर पाणी सोडू नये. थंडीत निफाड पट्ट्यातला पारा किती उतरतो ते आपल्याला ठाऊक आहे. भूल दिलेल्या माकडाचे अंग झपाट्याने गार पडते, म्हणून काम दहानंतर, उन्हाच्या वेळी सुरू करावे आणि खाली गरम पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. दोन्ही सुळ्यांची छायाचित्रे घ्यावीत. सूज उजवीकडे असली तरी डावा सुळाही त्याच हाताने कापलेला आहे. वेदनाशामक पशुवैद्यकांनी ठरवलेल्या मात्रेत पुढचे तीन-चार दिवस द्यावे आणि तेवढे दिवस मऊ खिचडी व उकडलेला दुधी द्यावा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला लांबच्या खोलीत एकटे ठेवू नये. शेजारच्या कप्प्यात, कळपाच्या नजरेसमोर ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर परत सोडावे, नाहीतर त्याची जागा दुसरा घेतो. सहा महिन्यांनी त्याच कोनांतून पुन्हा छायाचित्र घ्यावे. मुळाच्या टोकाशी हाड भरून येताना दिसले तर रूट कॅनाल टिकला असे समजावे. पोकळी तेवढीच राहिली किंवा वाढली असेल तर त्याच वेळी सुळा काढण्याची तयारी ठेवावी.